खालच्या दोन ओळी

झटपटने बोलायलाच नको होतं. पण बोलला. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्याची जन्माची खोड. आणि झटपट हे काही त्याचं खरं नाव नाही हं! कुठलंही काम सांगा, हा म्हणणार, "झटपट होईल!" नोकरीला लागून चार दिवस झाले नाहीत तोवर तेच नाव चिकटलं.

नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलात, पण वर नाही, तळघरात. जिन्याखालची खोली, तीन टेबलं, भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन, आणि कोपऱ्यात दिवसभर गरम हवा फेकणारी मशिनं. तिथून अख्ख्या हॉस्पिटलचे बोर्ड चालायचे. दारातून आत शिरलं की, लिफ्टपाशी, प्रत्येक वळणावर ते चमकणारे बोर्ड असतात बघा, डोळ्यांचे डॉक्टर अमुक खोलीत, हाडांचे तमुक खोलीत, ते. ते सगळे सर्व्हरवरची एक साधी फाईल वाचून दाखवायचे. फाईल बदलली की बोर्ड बदलले. आणि फाईल बदलायचं काम दाजींचं.

दाजी म्हणजे झटपटच्या ताईचा नवरा. त्यांनीच शब्द टाकून ह्याला इथे चिकटवलेलं. शिवाय राहायलाही त्यांच्याकडेच, बाहेरच्या खोलीत, भाचीच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी पलंग टाकून. हा ऑफिसातही सारखा "दाजी, दाजी" करायचा, तर बघताबघता मॅडमपासून वायरमनपर्यंत सगळेच दाजी म्हणायला लागले. माणूस सगळ्या हॉस्पिटलचा दाजी झाला!

तर त्या दिवशी दाजी फाईल बदलत बसलेले. सर्व्हरवरचं काम म्हणजे काळी खिडकी. माऊस नाही, चित्रं नाहीत, जे काय करायचं ते टाइप करून. त्यात दाजी नॅनो वापरायचे. नॅनो म्हणजे अगदी नवशिक्यालाही जमेल असा एडिटर. उघडा, लिहा, बंद करा. कुठलं बटण कशाला दाबायचं ते स्क्रीनच्या तळाशी दोन ओळींत लिहिलेलंच असतं. झटपटने मागून डोकावून पाहिलं आणि सुटलाच.

"अय्यो दाजी! नॅनो? अहो ही तर बाबागाडी! खाली धरायला दांडासुद्धा दिलाय!"

वायरमन शिडीवर होता, तो इतका हसला की शिडी हलली. हा वायरमन बोर्डांच्या तारा बघायचा आणि उरलेला वेळ लोकांची टर उडवायचा. दाजीही हसले, जरासे. पण तेवढ्यात दारात मॅडम.

"मग तू काय वापरतोस?" मॅडमनी विचारलं.

आता काय म्हणणार? "विम एडिटर," झटपट म्हणाला. "खरी माणसं विमच वापरतात, मॅडम. त्यात खाली काही लिहिलेलं नसतं. सगळं डोक्यात."

मॅडम ह्या खोलीच्या साहेब, पण आलेल्या हॉस्पिटलच्या कारभाराकडून. कॉम्प्युटरमधलं त्यांना एवढंच कळायचं की जे अवघड ते भारी. त्या म्हणाल्या, "छान. पुढच्या आठवड्यात नवा सर्व्हर येतोय. त्यावर ती बाबागाडी टाकूच नका. सगळ्यांनी विम शिका. दाजी, तुम्हाला हा शिकवेल."

"झटपट शिकवतो!" हा म्हणाला.

आणि गंमत काय माहितीये? ह्याला विम येतच नव्हतं. अजिबात! कॉलेजात एकदा उघडलेलं. एक बटण दाबलं तर पीं वाजलं, दुसरं दाबलं तर लिहिलेलं पुसलं गेलं, आणि बाहेर कसं पडायचं ते सापडेना, तेव्हा पठ्ठ्याने खिडकीच बंद केली होती. त्यानंतर जेव्हा जेव्हा विम समोर आलं तेव्हा तेव्हा हेच. खिडकी बंद करून पळ. त्याचं स्वतःचं काम वेबसाइटचं होतं, ते ब्राउझरमध्ये व्हायचं, त्यामुळे झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

नवा सर्व्हर आला, त्यावर नॅनो नाही, नुसतं विम. दाजी एकदा म्हणाले, "अरे, ते विम दाखव ना जरा." हा म्हणाला, "उद्या, दाजी." दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ह्याला अचानक फोन आला, म्हणजे फोन काही आला नव्हता, ह्याने कानाला लावला. तिसऱ्यांदा दाजींनी विचारलं नाही. स्वभाव तसा, दोनदा मागतील, तिसऱ्यांदा हात खिशात.

मग एका संध्याकाळी झटपट घरी आला तर बाहेरच्या खोलीत भाचीच्या टेबलावर दाजी. तिच्या कॉम्प्युटरवर सगळीकडे ससे आणि चांदण्या चिकटवलेल्या, आणि त्या सशांच्या मधोमध हॉस्पिटलची फाईल उघडी. दाजी पेनड्राइव्हवर फाईल घरी आणत होते, पोरीच्या कॉम्प्युटरवर बदलत होते आणि सकाळी नेऊन परत सर्व्हरवर ठेवत होते! भाची बाजूला गाल फुगवून उभी, "बाबा, माझा गृहपाठ राहिलाय."

"झालंच ग, दोन मिनिटं," दाजी म्हणाले. मग झटपटला बघून स्क्रीन थोडासा वळवला. एवढासाच. पण वळवला.

झटपटला सगळं कळलं. त्याक्षणी कळलं. आणि तो काय म्हणाला? "ताई, जेवायला काय आहे ग?" म्हणत सरळ आत गेला.

मग हॉस्पिटलची नवी इमारत सुरू झाली. निम्मे डॉक्टर इकडचे तिकडे, सगळ्या खोल्या बदलल्या. जुन्या फाईलमध्ये दुरुस्त्या करण्यात अर्थ नव्हता, म्हणून दाजींनी घरी बसून अख्खी यादी कोरी नवी लिहिली. पोरीला ताईजवळ झोपायला पाठवून. सकाळी ती सर्व्हरवर ठेवली. आणि सगळे बोर्ड गेले.

गेले म्हणजे बंद नाही हो, बंद पडले असते तर बरं! चालू होते, आणि प्रत्येकावर मोठ्ठ्या अक्षरांत "माहिती उपलब्ध नाही." दारात तेच, लिफ्टपाशी तेच, नव्या इमारतीत तेच. सकाळची गर्दी, आणि कुणाला काही पत्ता नाही. कानाचे पेशंट दातांकडे, दातांचे डोळ्यांकडे. सिस्टर लोक ओरडून ओरडून बेजार.

झटपट वर धावला. कॉरिडॉरमध्ये एक आजी, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पिशवी. "बाळा, हाडांचे डॉक्टर कुठे बसतात रे?"

आता "थांबा आजी, विचारून सांगतो" म्हणायला काय जातं? पण नाही! "वर जा आजी, डावीकडची शेवटची खोली. झटपट जाल," हा म्हणाला. आजी "देव भलं करो" म्हणून गेल्यासुद्धा.

खाली मॅडम उभ्याच होत्या. बसल्या नव्हत्या, ह्यावरून समजा. "फाईलला हात कुणी लावला?"

"मी," दाजी म्हणाले. "काल नवी केली. घरी."

"घरी? हॉस्पिटलची फाईल घरी? का?"

दाजींनी तोंड उघडलं. झटपट त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा. आता बोलतील, आता माझं नाव घेतील, असंच ह्याला वाटलं. दाजी म्हणाले, "घरी जरा निवांत बसून होतं, मॅडम."

बस्. एवढंच. ह्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर झटपटला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो! आधी सुटलो असं वाटलं, आणि मग ते वाटल्याचीच अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तरी तोंड उघडलं नाही हं.

"आजपासून बोर्ड दाजींकडे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ते याच्याकडे. बस तू. मोठ्या स्क्रीनवर उघड, म्हणजे मलाही दिसेल काय चुकलंय ते. आत्ता."

घ्या! दगडाखाली हात.

बसला. भिंतीवर काळी खिडकी उघडली, दाराएवढी. विम उघडलं. फाईल दिसली, खोल्या दिसल्या, डॉक्टर दिसले, सगळं ठीकठाक दिसत होतं. चुकलंय काय? ह्याला वाटलं खाली जाऊन बघू, म्हणून काहीतरी दाबलं. पीं. आणखी दाबलं. एक ओळ गायब! नेमकी हाडांची. वायरमन दारात टेकून उभा होता, तो म्हणाला, "अरे, हाडं कुठे गेली?"

"येतील, येतील," झटपट म्हणाला, आणि सवयीने कंट्रोल दाबून एस दाबलं, सगळीकडे असंच सेव्ह होतं ना. स्क्रीन गोठला. काही हलेना. कुठलंही बटण दाबा, ढिम्म.

"मशीन अडकलं, मॅडम."

"मशीन कसलं, माणूस अडकलाय," वायरमन म्हणाला.

आणि मग ह्याने तेच केलं जे नेहमी करायचा. खिडकी बंद. पण ह्या वेळी एकटा नव्हता ना! भिंतीएवढी खिडकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फट्कन नाहीशी झाली. मॅडमनी भिंतीकडे बघितलं. मग ह्याच्याकडे.

"बंद का केलीस?"

"ते… तसंच करतात."

"असं? मग परत उघड."

परत उघडली तर फाईल येईना. त्याऐवजी एक लांबलचक सूचना आली, की सावधान, ही फाईल आधीच कुणीतरी उघडून अर्धवट टाकलेली दिसते. आणि कुणी, तर खाली नाव. ह्याचंच! खिडकी बंद करून पळालं की विम आठवण ठेवतं, हे ह्याला माहीतच नव्हतं. मॅडमनी ते नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट.

दाजी मागच्या भिंतीला टेकून आपल्या बुटांकडे बघत होते. अजूनही निसटता आलं असतं बघा. सर्व्हर नवा आहे, काहीतरी बिघाड आहे, असं म्हटलं असतं तर मॅडमनी मानलंही असतं. पण वरून कुणीतरी जिन्यावरून ओरडलं, "अहो, बोर्डाचं काय झालं? लोक भांडतायत!" आणि झटपटने कीबोर्डवरचे हात काढले.

"मॅडम, मला विम येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही. कधीच येत नव्हतं. मी उगाच बोललो. दाजींनी दोनदा शिकव म्हटलं, मी टाळलं. मलाच येत नाही तर काय शिकवणार? म्हणून ते फाईल घरी न्यायचे. मला माहीत होतं. मी बघितलं होतं."

एका दमात बोलला, स्क्रीनकडे तोंड करून. मागे वळायची हिंमतच नव्हती. वायरमनने आयुष्यात पहिल्यांदा एकही विनोद केला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"आता?" मॅडम म्हणाल्या.

"आता नॅनो टाकतो. परवानगी द्या."

"टाक."

टाकायचं म्हणजे काय, एका ओळीचा हुकूम. सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल, नॅनो. पासवर्ड मागितला. पासवर्ड लिहिताना तिथे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, आणि हा पहिल्यांदा चुकलाच. दुसऱ्यांदा लागला. चार ओळी सरसर वर गेल्या आणि झालं. इतकं सोपं! ज्याच्यापायी दाजी इतके दिवस पोरीच्या टेबलावर अंग चोरून बसले, ते चहाला उकळी यायच्या आत झालं.

फाईल उघडली. सगळी जागच्या जागी, हाडांची ओळसुद्धा, कारण आधीचं काही सेव्हच झालं नव्हतं. आणि झटपट बसून राहिला. कारण त्याला नॅनोही येत नव्हतं! बाबागाडी म्हणून हसला, पण हात कधी लावला होता?

मागून आवाज आला. दाजींचा. राग होता त्यात, लपवला नव्हता. "खाली वाच. लिहिलंय ना दांड्यावर."

त्याने खालच्या दोन ओळी वाचायला घेतल्या. आणि त्यांच्या जरा वर, मधोमध, फाईल उघडताना नॅनोने स्वतःहून एक वाक्य टाकलेलं. इतक्या ओळी वाचल्या, आणि ही फाईल डॉस पद्धतीची होती, ती बदलून दाखवतोय.

"डॉस पद्धतीची म्हणजे?" मॅडम.

झटपटला झपकन उजेड पडला. "घरच्या कॉम्प्युटरवर जुनी फाईल बदलली तर काही होत नाही, पण कोरी नवी लिहिली की तो प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण ठेवतो. आपल्याला दिसत नाही. पण बोर्डाला ती खोलीच्या नंबराचाच भाग वाटते, आणि तसल्या नंबराची खोली त्याला सापडत नाही. म्हणून माहिती उपलब्ध नाही!"

"म्हणजे चूक माझीच," दाजी मागून म्हणाले.

"नाही हो दाजी…"

"बोलू नकोस. काम कर."

सेव्ह करायला कंट्रोल आणि ओ, खाली लिहिलेलं होतं. ते दाबलं तर फाईलचं नाव विचारलं, शेजारी कंसात डॉस, आणि खालच्या दोन ओळी बदलून त्यात आलं, डॉस पद्धत नको असेल तर ऑल्ट आणि डी. दाबलं. कंस गेला. एंटर.

वरून आवाज आला, "आले! बोर्ड आले!"

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "नंतर भेट मला," आणि गेल्या. दाजींनी डबा उचलला आणि तेही बाहेर पडले. आणि तेव्हा कुठे झटपटला आजी आठवल्या. हाडांचे डॉक्टर तर नव्या इमारतीत गेले होते! तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर पोचला. डावीकडची शेवटची खोली. कुलूप. कुलपासमोरच्या बाकावर आजी, पिशवी मांडीवर.

"उघडतील ना आता?" आजी म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हणून हललेच नाही. मागाहून नंबर गेला म्हणजे?"

त्याने पिशवी घेतली, आजींना धरून धरून नव्या इमारतीत नेलं. तिथली सिस्टर म्हणाली, डॉक्टर आत्ताच गेले, उद्या या. आजी फक्त स्वतःशीच म्हणाल्या, "सुनेला परत रजा घ्यावी लागेल." चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो! झटपटला माफी मागायची होती, पण तोंडातून "या उद्या, आजी" एवढंच निघालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

घरी ताईने विचारलं, "काय रे, तोंड का पडलंय? आणि हे पण घुम्यासारखे आत जाऊन बसलेत."

त्याने सांगितलं. बाबागाडीपासून सगळं. ताई ऐकत होती, हातात झारा तसाच.

"चारचौघांत हसलास? माझ्या नवऱ्याला? ज्याच्या घरी झोपतोस त्याला?"

"चुकलो ग ताई."

"मला काय सांगतोस! आणि मी इकडे ह्यांच्यावरच ओरडत होते, पोरीचं टेबल अडवता म्हणून. एक शब्द बोलले नाहीत रे. एक शब्द." तिचे डोळे भरले आणि ती एकदम ओट्याकडे वळली. भाची दारातून ऐकत होती. ती आत पळाली आणि तिचा आवाज आला, "बाबा, तुम्ही माझं टेबल घ्या रोज, मी खाली बसेन." मग दाजींचा, "अगं, त्याचं पान वाढ. आणि त्याला सांग, उद्या माझ्या आधी निघ. बरोबर जायला उद्या तरी मला जमणार नाही."

तर तो आधी निघाला. हॉस्पिटलच्या मोठ्या दाराशी, बोर्डाखाली जाऊन उभा राहिला. आजी आल्या की हात जोडायचे, सगळं खरं सांगायचं, नव्या इमारतीत पोचवायचं, असं वाक्यन्‌वाक्य घोकलेलं. आजी आल्या. बरोबर सून. आजींनी मान वर करून बोर्ड वाचला, सुनेला म्हणाल्या, "हे बघ, नवी इमारत, खालचा मजला." आणि ह्याच्या अगदी बाजूने निघून गेल्या. ओळखलंसुद्धा नाही. घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं.

वळला तर मागे दाजी. कधीचे उभे होते कोण जाणे.

"कालच्या आजी त्याच का? तुझ्या ताईने सांगितलं."

"हो."

दाजींनी मान हलवली. "चल खाली. दातांची खोली बदललीय. तू बस, मी बघतो."

खाली झटपट खुर्चीवर बसला, दाजी शेजारी स्टूल घेऊन. मोठा स्क्रीन चालूच होता. नॅनो उघडलं, फाईल आली.

"खालचं वाच," दाजी म्हणाले.

"वाचलं, दाजी."

"मोठ्याने."

वायरमन नेमका तेव्हाच शिडी घेऊन आत आला आणि थांबला. झटपटचे कान लालेलाल. पण त्याने बोट ठेवून वाचायला घेतलं, मदत कुठे, सेव्ह कुठे, शोधायचं कुठे, बाहेर पडायचं कुठे, पहिली ओळ संपली तशी दुसरी, एकही शब्द न गाळता.